रस्ता रोलर, एक नग, हलवला

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.४०
आजपासून रोजनिशी. मोठे अधिकारी लिहितात म्हणे. मी अजून मोठा अधिकारी नाही, पण सवय आधीच लावलेली बरी. नंतर वेळ कुठला मिळायला?

मोठ्या बाईंनी आत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या नगरपालिकेच्या मुख्य लेखाधिकारी. म्हणाल्या, तुमच्यासारख्या माणसाला भरणा खिडकी क्रमांक चारमध्ये बसवून ठेवणं पालिकेला आता परवडत नाही. हेच शब्द. अठरा वर्षं त्या काचेमागे बसून लोकांची पाणीपट्टी घेतोय मी. उशिरा का होईना, कुणाच्या तरी डोळ्यांत भरलो.

नवा 'मालमत्ता कक्ष' निघतोय. प्रमुख मी. तूर्त कर्मचारीही मीच. पालिकेची एकूण एक भांडवली मालमत्ता, म्हणजे महाग आणि टिकाऊ वस्तू, शोधायची, मोजायची, तिला नंबराचं स्टिकर लावायचं. ३१ मार्चच्या आत सगळी जमली तर कक्ष कायम, दुसऱ्या मजल्यावर केबिन, फिरती खुर्ची. नाही जमली तर परत खिडकी चार. 'नाही'चा प्रश्नच येत नाही.

बातमी फुटली तेव्हा माझ्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका आजोबांनी डोळे पुसले. माणसं किती जीव लावतात! खिडकी पाचच्या बाईंनी तर स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चहा पाजला. इतकी वर्षं मला वाटायचं, बाई माझ्यावर जळते.

संकल्प: पहाटे उठणे. बिनसाखरेचा चहा. मोजकं बोलणे.

मंगळवार, ५ मार्च
पहाटे उठलो नाही. नव्या पदाच्या पहिल्याच दिवशी दमून जाणं बरं दिसलं नसतं.

कक्ष जिन्याखाली आहे. आधी तिथे बादल्या आणि पोछे ठेवायचे. पोछे अजून आहेत. एका बाजूला छत उतरतं, त्यामुळे उभं राहताना कपाळ सांभाळावं लागतं. तरी स्वतंत्र खोली ती स्वतंत्र खोली. खुर्चीला चार चाकं हवीत, तीन आहेत. वर जायचंच आहे, तर तक्रार कशाला?

मोठ्या बाईंनी दोन धोरणांचे मसुदेही मागितलेत, एक नागरिकांच्या भरण्याचं, एक मालमत्तेचं. दोन्ही १ एप्रिलपासून लागू. अठरा वर्षं जे काचेमागे गिळलं, ते आता कागदावर उतरणार.

बिनसाखरेचा चहा एक घोट प्यालो. उद्यापासून.

गुरुवार, ७ मार्च. दुपारी
भरणा धोरण झालं. कलम सात तर मी तीन वेळा मोठ्याने वाचलं. जिन्यात छान घुमतं. 'भरणा अचूक रकमेचाच स्वीकारला जाईल. सुटे पैसे परत दिले जाणार नाहीत. जादा रक्कम त्याच शीर्षाखाली पुढील भरण्यासाठी जमा राहील.' सुट्ट्यांवरून माझी अर्धी हयात भांडणात गेली. आता भांडण मिटलं. परतावा द्यायचा की नाही याबद्दल मुद्दाम अवाक्षर लिहिलेलं नाही. लिहिलं की लोक मागतात.

आणखी एक: कर्मचाऱ्याने स्वतःचा भरणा स्वतःच्या खिडकीत घेऊ नये. नीतिमत्ता म्हणून घातलं.

डबा मागच्या बागेत खाल्ला, हत्तीवर. हा लोखंडी हत्ती मुलांना खेळायला ठेवलाय. निळाशार. कित्येक वर्षं माझी हीच जागा. पाठीवर पत्र्याचं छप्पर आहे, म्हणजे अंबारी. आत गाडीत असते तशी एक बैठक. पुढचा पाय एकच, पण काय पाय! भला मोठा गोल, गुळगुळीत, पाठ टेकायला झकास. मागचे दोन त्याहून मोठे, तेही गोल. शिल्पकार नव्या विचाराचा असावा. कानामागे एक दांडा आहे, तो ओढला की पोटात खडखडतं. मुलांना गंमत.

चिमटी (माझ्या लेकीची लेक, वय पाच) शाळा सुटली की बायकोबरोबर तिथेच येते. सोंडेवरून घसरते. तिला वाटतं हत्ती माझ्या ऑफिसचा आहे. मी नाही म्हणत नाही.

रविवार, १० मार्च
मेहुणा जेवायला. त्याचं वेल्डिंगचं दुकान. बायकोचा भाऊ म्हणून सहन करतो, नाहीतर बढाईखोर नंबर एक. गावातलं निम्मं लोखंड यानेच जोडलं असं याचं म्हणणं. बसल्या बसल्या सुरू झाला, की तो बागेतला हत्ती आहे ना, तो माझ्या हातचा. दर रविवारी हीच टेप. दुसऱ्या वाक्याला मी हात धुवायला उठतो. आजही उठलो.

त्याला म्हणालो, मी सध्या कामात आहे, भांडवली. तो म्हणाला, काही लागलं तर सांगा, भाऊजी. याच्याकडून मला काय लागणार?

मंगळवार, १२ मार्च
स्टिकर आले. हजार. कामाचा धडाका लावला. टेबलं, पंखे, तिजोरी, पाण्याचे पंप, सगळ्यांना नंबर. थोडी अडचण म्हणजे डिंक हलका निघाला. लावलेले स्टिकर तासाभरात गळून पडतात. माझ्या मागोमाग कोणीतरी सुपली घेऊन फिरतं.

हजेरीच्या यंत्रावरचं मात्र पडलं नाही. नेमकं काचेवर बसलं. त्यामुळे आज कोणाचंच बोट उमटलं नाही आणि सगळी नगरपालिका गैरहजर लागली. मोठ्या बाईसुद्धा. वरून निरोप आला. शब्द लिहीत नाही. एवढ्या मोठ्या कामात हे चालायचंच.

घरी बायकोला समजावलं, की प्रत्येक वस्तूला उपयुक्त आयुष्य असतं. खुर्ची दहा वर्षं, पंखा पंधरा. दर वर्षी किंमत उतरते, शेवटी नावाला एक रुपया धरतात. तिने पोळपाटावरून मान वर न करता विचारलं, की मग तुमचा एक रुपया कधीपासून धरायचा?

विनोदबुद्धी चांगली आहे तिची. लग्नात लक्षात आलं नव्हतं.

गुरुवार, १४ मार्च
मालमत्ता धोरणही पुरं. धारदार झालंय. वापरातून गेलेली जुनी मालमत्ता सापडली, की पंधरा दिवसांत भंगारात लिलाव. दया नाही, माया नाही. नोंदीतच नसलेली वस्तू हाती लागली तर ती 'आढळ मालमत्ता'. तिला कुंपण घालायचं, सूचनाफलक लावायचा.

बागेत एक चांगला दांडगा माणूस लहान मुलांच्या झोक्यावर बसलेला पाहिला. चीड आली. परत येऊन कलम नऊ वाढवलं: आढळ मालमत्ता ज्या वयोगटासाठी असेल त्यानेच वापरावी, इतरांना दंड पन्नास रुपये. छापून सगळीकडे वाटलं. बागेच्या रखवालदारालाही एक प्रत दिली. तो म्हणाला, साहेब, एवढं कोण वाचणार? मी म्हणालो, पाठ करा.

सोमवार, १८ मार्च
पडताळणीत हत्ती गेला, शेपूट राहिलं. सगळं सापडलं, एक सोडून. नोंदवहीत लिहिलंय: रस्ता रोलर, एक नग. 'सध्याचे ठिकाण' या रकान्यात कोणी तरी एकच शब्द लिहून ठेवलाय: हलवला.

कुठे हलवला? दहा टनांचा रोलर म्हणजे काय टाचणी आहे?

सगळ्या खात्यांना पत्रं धाडली. छापील नमुना होता तोच वापरला, वेळ वाचतो. 'आपल्या खात्यातील कपाटे, टेबलांचे खण व फाइलींच्या मागील बाजू तपासून सदर वस्तू आढळल्यास कळवावे.' वस्तूच्या जागी रस्ता रोलर लिहिलं.

गुरुवार, २१ मार्च
उत्तरं आली. वाचनालय: आमच्या कपाटात रोलर नाही. अग्निशमन: खणही पाहिले, नाही. दवाखाना: रोलर बँडेज बारा आहेत, हवी असल्यास न्यावीत. जन्म-मृत्यू विभागाने विचारलंय, की रोलर नक्की कोणत्या तारखेला गेला.

यंत्रसामग्रीचं आवार स्वतः पालथं घातलं. ताडपत्रीखाली हातगाड्या निघाल्या आणि एक कुत्री, नुकतीच व्यालेली. पिल्लांना नंबर दिले नाहीत. बसत नाही नियमात. पँट मात्र फाटली.

मोठ्या बाई म्हणाल्या, रोलर मिळाला नाही तर पडताळणी अपुरी धरावी लागेल. अपुरी म्हणजे खिडकी चार. मी हसून म्हणालो, माझ्या नजरेतून सुटेल असा रोलर अजून जन्माला यायचाय. खाली आलो, उभा राहिलो, कपाळ आपटलं.

उरलेली दुपार हत्तीवर बसून विचारात घालवली. गोल पायावर हात फिरवत शपथ घेतली, की सोडणार नाही बेट्याला.

रविवार, २४ मार्च
सापडला! सापडला! सापडला!

मेहुणा जेवायला होता. त्याने हत्तीची टेप लावली. उठणार, तर फाटलेल्या पँटचा धागा खुर्चीच्या खिळ्यात अडकलेला. त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा तिसरं वाक्य कानावर पडलं. ते असं, की पालिकेचा तो जुना रोलर बंद पडून तिथेच बसला होता, हलवायचा खर्च मोठा, म्हणून साहेबांनी मला सोंड आणि कान जोडायला सांगितले.

मी पँट फाडून उठलो. मेहुण्याला मिठी मारली. तो घाबरला. बायको म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणू दे. आज मला काहीही म्हणा!

तडक मोजायची टेप घेऊन बागेत. पुढचा पाय: रोलर. मागचे पाय: रोलर. अंबारी: ड्रायव्हरचं छप्पर. कानामागचा दांडा: गियर. हे सगळं मला अंतर्यामी कुठे तरी माहीत असणारच. उगाच का मी इतकी वर्षं तिथेच डबा खात होतो? स्टिकर क्रमांक ९९९ सोंडेवर लावलं. काय चिकटलंय म्हणून सांगू!

चिमटीने विचारलं, आबा, हे काय? म्हणालो, हत्तीचं नाव आता पालिकेच्या वहीत आलं. तिला वाटलं, हत्तीला शाळेत घातलं आणि हजेरी नंबर मिळाला. आनंदाने बागभर नाचली. मीही थोडा नाचलो. कोणी पाहिलं नसावं.

सोमवार, २५ मार्च
मोठ्या बाई सुट्टीवर. बातमी देता येईना. पोटात मावेना. दुसऱ्या मजल्यावर जाऊन रिकाम्या केबिनमधल्या फिरत्या खुर्चीत दोन गिरक्या घेतल्या. मग तिसरी.

वेळ फुकट नको म्हणून पुढची कारवाई उरकली. जुनी मालमत्ता सापडली की भंगारात लिलाव, कलम पाच. भंगारवाल्याला उद्या पाहणीला बोलावलंय. स्वतःच्या कामाचा वेग पाहून कधी कधी मलाच कौतुक वाटतं.

मंगळवार, २६ मार्च. दुपारी ३
लिहायची इच्छा नाही, पण शिस्त म्हणून लिहितो.

भंगारवाला आला. हत्तीभोवती फिरला. काठीने ठोकून पाहिलं. पाय चांगले आहेत म्हणाला, वजन भरेल, कान पातळ आहेत, कानांचा भाव धरणार नाही. तेवढ्यात चिमटी आली. तिने त्याला विचारलं, तुम्ही हत्तीचे डॉक्टर का? तो हो म्हणाला. माणूस तसा वाईट नव्हता. तिने विचारलं, मग बरा होईल ना? त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, होईल.  

चिमटीने स्वतःच्या डब्यातला एक बिस्किटाचा तुकडा हत्तीच्या सोंडेत खुपसला आणि त्याला सांगितलं, की रडायचं नाही, टोचलं तरी. मला फार वाईट वाटलं. केबिन, खुर्ची, दुसरा मजला, सगळं डोळ्यांसमोर आणलं. येऊन गेलं, थांबलं नाही.

बायको चिमटीचा हात धरून घरी निघाली. 

बुधवार, २७ मार्च
रात्रभर विचार केला आणि प्रश्न नव्याने तपासला. भावनेचा संबंध नाही, हे इथेच नमूद करतो. निव्वळ तांत्रिक मुद्दा. नोंदवहीत रोलरचा रंग करडा आहे. हा निळा. नोंदवहीत सोंडेचा उल्लेख नाही, कानांचा नाही, शेपटीचा नाही. उद्या ऑडिटरने विचारलं, की रोलरला शेपूट कुठून आलं, तर मी काय सांगू?

हा हत्ती आहे.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. तो म्हणाला, मला वाटलंच होतं. जेवणाच्या सुट्टीत स्टिकर काढायला गेलो. हजारांतलं हे एकच स्टिकर असं, की निघता निघेना. नख, किल्ली, डब्यातला चमचा. रखवालदार उभा राहून बघत होता. चमचा वाकला. बायकोला सांगितलं नाही.

गुरुवार, २८ मार्च
मोठ्या बाईंना टिपण दिलं: 'कसून शोध घेऊनही रस्ता रोलर आढळला नाही. बागेतील वस्तू हत्ती आहे.' त्यांनी दोनदा वाचलं. विचारलं, नक्की? मी म्हणालो, हत्ती आणि रोलर यातला फरक पाच वर्षांच्या पोरालाही कळतो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, सही केली आणि विचारलं, नात कशी आहे?

मध्येच हे त्यांना कसं सुचलं, कळलं नाही.

अर्थात कक्ष बंद. मीच नको म्हणणार होतो. जिन्याखाली हवा खेळत नाही.

सोमवार, १ एप्रिल. सकाळी १०
खिडकी चार. जुनी काच, जुनी खुर्ची. बसल्यावर बरं वाटलं, म्हणजे मणक्याला. अनुभवी माणूस आघाडीवर हवा, असा विचार करूनच पाठवलं असणार. मला पाहताच रांगेतले लोक आपण होऊन खिडकी पाचकडे गेले. माझ्यावर पहिल्याच दिवशी ताण नको, ही भावना.

आजपासून दोन्ही धोरणं लागू. पहाटे उठणार होतो. नवं आर्थिक वर्ष आहे, उद्यापासून उठेन.

बुधवार, १० एप्रिल. सायंकाळ
दुपारी डबा घेऊन बागेत गेलो, तर हत्तीभोवती कुंपण. कुंपणाला फाटक. फाटकावर पाटी: 'आढळ मालमत्ता. फक्त बालकांसाठी.' रोलर नाही म्हटल्यावर हत्ती नोंदीत नव्हताच, आणि रखवालदाराने माझं धोरण खरंच पाठ केलंय. वरवर पाटी वाचून मी आपल्या जागी जाऊन बसलो. पाठ टेकली. पहिला घास घेतला आणि त्याने कलम नऊची पावती फाडली. स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं. पन्नास रुपये.

हा दंड माझ्या खिडकीत घेता येत नाही, मीच लिहिलंय. म्हणून खिडकी पाचच्या रांगेत उभा राहिलो. रांग ऑफिसच्या फाटकापर्यंत, कारण चारमध्ये कोणी नव्हतं. चारमध्ये मी असायला हवा होतो. लोक चारकडे बोट दाखवून मला विचारत होते, की हा बाबा गेला कुठे? मीही त्यांच्याबरोबर मान हलवली.

माझ्याकडे शंभराची नोट. खिडकी पाचच्या बाईंनी कलम सात वाचून दाखवलं, सावकाश, एकेक शब्द चघळत. मागचे लोक म्हणाले, काय हा मूर्ख नियम! त्यांना मसुदा कळलेला नाही. शंभर घेतले. पन्नास 'हत्तीवर अनधिकृत बसणे' या शीर्षाखाली पुढच्या खेपेसाठी जमा.

ठीक आहे म्हटलं, पुढच्या खेपेचे पैसे तर भरलेत. पावती घेऊन पुन्हा बागेत गेलो. रखवालदार म्हणाला, साहेब, ही दंडाची पावती आहे, परवानगी नाही. बसलात तर उठवणार, वर या पावतीवरचे जमा पन्नास दंडात धरणार. चिमटी अंबारीतून ओरडली, आबा, तुम्ही मोठे आहात, तुम्ही खाली बसा! शेजारच्या पोरांना सांगत होती, की आमचा हत्ती आजारी होता, आबांनी बरा केला.

गवतावर बसून उरलेला डबा खाल्ला, वाकड्या चमच्याने. बायकोने चमचा पाहिला आणि आपल्या डब्यातला सरळ मला दिला.

ऑफिसात परत येऊन ते जमा पन्नास परत मागायची काही सोय आहे का पाहिलं. कलम सात पुन्हा वाचलं. मग सगळं धोरण वाचलं, पहिल्या पानापासून. परताव्याबद्दल अवाक्षर नाही.